ग्लेंडा थेट घरी आली

लाइव्ह चालू असताना ग्लेंडा पालोमारेस कॅमेऱ्याकडे पाठ करत नाही. मागच्या दांडीवरचा गाऊन हवा असेल तर ती हात मागे नेते, बोटांनी चाचपते आणि बरोबर तोच गाऊन ओढून पुढे आणते. हे तिला एजन्सीच्या जेरिकनं शिकवलं. बाई वळली की बघणारीचं बोट सरकतं आणि सरकलेलं बोट परत येत नाही, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे त्या पगाराच्या दिवशी, भर दुपारी, ‘मानांग, तुमच्या मागे ती म्हातारी कोण उभी आहे?’ अशी ओळ फोनवर खालून वर आली, तेव्हाही ग्लेंडा वळली नाही.

खोलीत तिच्याशिवाय फक्त मामेबहीण नोएमी होती, तीही फोनच्या मागे, नावं उतरवून घेत बसलेली. पडद्यापलीकडच्या खाटेवर ग्लेंडाचे वडील, तातय एर्निंग. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते आपल्या पायांनी उठलेले नव्हते. ग्लेंडाच्या मागे गाऊनच होते, दुसरं कोणी असायचं कारण नव्हतं.

इलोइलो शहराला लागून असलेल्या ओतोन गावात ग्लेंडा आधी औषधाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. नवरा डेल्फिन तेलवाहू जहाजावर. वडील आजारी पडले, त्यांना सोडून दिवसभर बाहेर राहणं जमेना, तेव्हा तिनं घरातूनच, फोनवर लाइव्ह येऊन, सुती गाऊन विकायला घेतले. इथल्या बायका घरात, अंगणात, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतही तेच घालून जातात. ग्लेंडाचा आवाज इलोइलोचा, म्हणजे भांडली तरी अंगाई म्हटल्यासारखी वाटावी असा. मनिलाच्या कॉल सेंटरातल्या, सौदी अरबस्तानात घरकाम करणाऱ्या, कुठून कुठून बायका त्या आवाजासाठी थांबत. ‘माइन’, म्हणजे माझा, आणि गाऊनचा नंबर लिहिला की तो गाऊन त्या बाईचा. पार्सल दारात आलं की पैसे. आधी पैसे कोणी देत नाही. न बघितलेल्या माणसावर कोण विश्वास ठेवणार?

जेरिकची एजन्सी आली ती यानंतर. शहरातल्या काचेच्या इमारतीत त्याचं ऑफिस होतं, केस नेहमी ओले दिसायचे, आणि वयानं लहान, तिला मानांग म्हणजे ताई म्हणणारा असूनही तो समजावून सांगायचा.

‘मानांग, आपल्याकडची बाई दुकानाकडून घेत नाही. ओळखीच्या बाईकडून घेते. तुम्ही ओळखीच्या व्हा. घरातलं सांगा. नवरा, तातय, मांजर, काय असेल ते. कापडाबद्दल कमी बोला.’

ग्लेंडानं सांगायला सुरुवात केली. डेल्फिनचं जहाज कुठे आहे, तातयनी आज किती घास खाल्ले, छप्पर कुठे गळतं. बायका डोळे पुसल्याची चित्रं पाठवत आणि त्याखाली ‘माइन’ लिहीत. जेरिकनं आणखी दोन गोष्टी बसवून दिल्या. पगाराच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लाइव्ह करायचं, कारण तेव्हा हातात पैसा आणि फोन दोन्ही असतात. आणि त्या वेळेची जाहिरात पैसे भरून आधीच लावून ठेवायची. जाहिरात लागली की वेळ बदलता येत नाही. पैसे बुडतात.

तिच्या गाऊनांना खिसा असे, फोन मावेल एवढा. तो खिसा लावायची शेजारची लोला, म्हणजे आजी, पासिंग. सत्तरी ओलांडलेली, गळ्यात कायम मोजपट्टी. दुपारी ती शिवण घेऊन तातयच्या खाटेशी बसायची. दोघं फारसं बोलत नसत. ती दोरा तोडायची, ते खोकायचे, असं त्यांचं चाले. पासिंग मशीनवर बसल्या बसल्या गेली. तातयना सांगायचं नाही असं घरात ठरलं. धक्का बसेल असं काही त्यांच्या कानावर घालू नका, असं डॉक्टरनं बजावलेलं होतं. ‘ती लेकीकडे बाकोलोडला गेली आहे,’ असं ग्लेंडानं त्यांना सांगितलं. तातयनी मान हलवली आणि रोज विचारू लागले, आली का.

पासिंगचा मुलगा दुबईहून यायचा होता, म्हणून शव घरातच ठेवलेलं होतं. दारात मंडप, पत्त्यांची टेबलं, कॉफी, बिस्किटं, सगळं रीतीप्रमाणे. ग्लेंडा आज जाईन, उद्या जाईन करत राहिली. पगाराच्या दिवशी सकाळी पासिंगच्या सुनेचा निरोप आला की तुझे गाऊन इथे तयार पडले आहेत, घेऊन जा, घरात असा माल ठेवायला बरं वाटत नाही. ग्लेंडाला एका फेरीत दोन्ही कामं होतील असं वाटलं. ती गेली, शवपेटीच्या काचेतून पासिंगचा चेहरा बघितला, हात जोडले, कॉफी घेतली आणि गठ्ठा उचलला. मेलेल्याच्या घरून निघणाऱ्याला कोणी दारापर्यंत सोडायला येत नाही. तशी तीही एकटीच निघाली.

आता अशा घरून कोणी थेट आपल्या घरी जात नाही. हे शिकवावं लागत नाही. बेकरीत थांबतात, पेट्रोल पंपावर थांबतात, पाच मिनिटं चर्चच्या पायरीवर बसतात. मेलेलं माणूस मागोमाग आलं असेल तर ते तिथे रेंगाळतं, आणि आपण निघून जायचं. पागपाग म्हणतात त्याला, झटकून टाकणं.

तीनचाकीवाल्यानं विचारलं, ‘कुठे थांबू, मानांग? बेकरी की पंप?’

‘कुठे नको. थेट घरी. बाराला लाइव्ह आहे.’

‘थेट?’

‘बेकरीवरून घे आणि जरा हळू चालव. तेवढं पुरे.’

त्यानं बेकरीसमोर गाडी हळू केली. ती उतरली नाही. गठ्ठा मांडीवर होता. पुढे त्यानं तिला गल्लीच्या तोंडाशीच सोडलं, आत यायला नको म्हणाला. उन्हात गठ्ठा घेऊन चालताना तिला त्याचा राग आला होता. भीती तेव्हा नव्हती.

लाइव्ह नेहमीसारखं सुरू झालं. नावं घेऊन विचारपूस झाली, आधी फुलाफुलाचे गाऊन गेले. मग तिनं नव्या गठ्ठ्यातला पहिला गाऊन लावला आणि जेरिकनं शिकवलं तसं घरातलं सांगायला लागली. ‘हे आमच्या लोला पासिंगच्या हातचे शेवटचे खिसे बरं का. ती गेली, बायांनो. मी आत्ता तिच्याकडूनच येते आहे. परत असा खिसा मिळायचा नाही.’

माइन, माइन, माइन. नोएमीचं पेन धावत होतं.

त्यातच कोणीतरी लिहिलं, ‘मानांग, पागपाग केलंत ना?’

केलं म्हणायला काय जात होतं? पण ग्लेंडाला मोठ्या जमावासमोर खोटं पटकन सुचत नाही. ती हसली, आणि ते हसू जरा लांबलं. तेवढ्यावरून बघणाऱ्यांनी ताडलं. पाठोपाठ ती ओळ आली, मागे म्हातारी कोण. मग दुसरी, ‘मलाही दिसते आहे.’ मग तिसरी, ‘निळ्या गाऊनच्या बाजूला. गळ्यात काहीतरी आहे.’

गळ्यातल्या मोजपट्टीचं ग्लेंडानं काही सांगितलं नव्हतं. तिला आता पाठीचा एकेक इंच वेगळा जाणवत होता. हात मागे नेऊन गाऊन काढायचा होता, आणि तो हात काही केल्या मागे जाईना. नोएमी तिच्याकडे बघत होती. मागे बघायचं म्हणजे नोएमीनं नजर थोडी वर करायची होती, बस. पण तीसुद्धा करत नव्हती.

‘मागे माझे गाऊन आहेत,’ ग्लेंडा म्हणाली. ‘दुसरं कोण असणार? तुम्हाला घ्यायचा नसेल तर सरळ सांगा, माझ्या गाऊनांना म्हातारी म्हणू नका.’

तेव्हा पडद्यामागून तातयचा आवाज आला. जड, पण स्वच्छ.

‘पासिंग, आत ये. उभी का? बस.’

फोननं ते टिपलं. स्क्रीनच्या कोपऱ्यातला बघणाऱ्यांचा आकडा, जो तिनं कधी तीन अंकांपलीकडे गेलेला बघितला नव्हता, तो बघता बघता वर चढायला लागला. ग्लेंडा बोलत राहिली, कारण थांबली असती तर ऐकावं लागलं असतं. उरलेले गाऊन तिनं पुढच्या ढिगातून विकले. नोएमीनं फोन बंद केल्यावरच ती वळली. गाऊन होते. एक हँगर हलत होता. पंखा त्याच बाजूला फिरत होता हे तिला दिसलं, आणि त्यानं काही समाधान झालं नाही.

पडद्याआड तातय छताकडे बघत पडले होते. खाटेशेजारचा स्टूल रिकामा होता.

‘कोणाशी बोलत होतात?’ तिनं विचारलं.

तातयनी डोळे मिटून घेतले.

जेरिकचा फोन लगेच आला. ‘बसला आहात ना, मानांग? बसा आधी. शहरभर तुमचीच क्लिप फिरते आहे. एवढी माणसं मी पैसे ओतूनही आणली नसती. आपल्या लोकांना दोनच गोष्टींसाठी थांबवता येतं, सूट आणि भूत. तुमच्याकडे आता दोन्ही आहेत. शनिवारी परत करू. तीच दांडी, तेच गाऊन. आणि तातयना बोलू द्या. अडवू नका.’

‘ते आजारी आहेत.’

‘म्हणूनच तर खरं वाटतं.’

त्या संध्याकाळी तातयनी पेज खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आरोग्य केंद्रातली नर्स येऊन गेली. ताप नाही, रक्तदाब नेहमीएवढा, छाती साफ. ‘खायला घाला,’ म्हणाली. ग्लेंडा चमचा घेऊन बसायची आणि तातय ओठ मिटून घ्यायचे. मधेच म्हणायचे, ‘तिला पाणी दे.’ कोणाला ते सांगत नसत. ग्लेंडा स्टुलावर पाण्याचा ग्लास ठेवायची. सकाळी ग्लास काठोकाठ भरलेला असायचा, आणि तिला त्याचीही भीती वाटायची.

काय झालं आहे हे तिला पक्कं कळलं होतं. पासिंग तिच्या मांडीवरच्या गठ्ठ्याबरोबर घरात आली होती. वाटेत कुठे उतरवलीच नव्हती तिला. आणि आता ती तिच्या नेहमीच्या जागी, खाटेशी बसली होती आणि तातयना घेऊन जाणार होती. बेकरीच्या दारात दोन पावलं उतरायला काय झालं होतं, हा विचार ग्लेंडा भांडी घासताना करायची, कपडे वाळत घालताना करायची. खोलीत जाताना ती आता भिंतीला पाठ लावून जायची.

नोएमीनं पालिना करून बघितला. निखाऱ्यांवर धूप आणि वाळका पाला टाकून गाऊनांना धूर दिला, खाटेखाली दिला, ग्लेंडाला वरून ओलांडायला लावलं. तातय खोकले.

‘डास एवढे झालेत का?’ ते म्हणाले. पाण्याचं सोडलं तर दोन दिवसांत तेवढंच एक वाक्य.

मग पार्सलं परत यायला लागली. पार्सलं पोचवणारा रायडर मानोंग, म्हणजे दादा, रोदेल रोज घरात येऊन पाणी पिऊन जायचा. आता तो फाटकाबाहेर उभा राहून पोती आत सरकवायला लागला.

‘घेतच नाहीत, मानांग. लिहिताना मजा म्हणून लिहिलं, म्हणतात. दार उघडतात, नाव वाचतात आणि दार लावतात. एकीनं तर मला विचारलं, तू त्या घरून थेट आलास का?’

‘मग काय सांगितलंस?’

‘खरं सांगितलं. तुमची पार्सलं उचलली की मी आधी पंपावर जातो. खाली उतरवतो, पाच मिनिटं ठेवतो, मग परत गाडीवर चढवतो. कंपनीतले बाकीचे मला वेडा म्हणतात.’ तो ओशाळला. ‘माझं लेकरू लहान आहे, मानांग.’

‘आणि ती काय म्हणाली?’

‘म्हणाली, पंप लांबचा की जवळचा?’

नोएमी हसली आणि हसताना तिनं क्रूसाची खूण केली. ज्यांनी भीती वाटते म्हणून तास तास बघितलं होतं, त्यांनाच भीती वाटते म्हणून गाऊन नको होता. गाऊन अंगावर घालायचा असतो. जेरिकच्या हिशेबात हे कुठे बसलं नव्हतं.

जेरिक स्वतः आला तो शनिवारच्या आदल्या दिवशी. फाटकाशी मोटारसायकल उभी केली, हेल्मेट काढलं नाही.

‘आत या ना,’ नोएमी म्हणाली. ‘जागा बघायला नको का? कॅमेरा कुठे लावायचा ते?’

‘इथूनच बोलतो. पुढे आणखी दोन क्लायंट आहेत.’

‘बेकरीत थांबून जा मग.’

जेरिकनं ते ऐकलं नाहीसं दाखवलं. ‘मानांग, पार्सलं परत आली तरी चालतील. माणसं आली, ती महत्त्वाची. पुढच्या खेपेला त्यांना दुसरं काही विकू. साबण विकू. उद्या बारा वाजता. जाहिरात लावून झाली आहे.’

‘उद्या पासिंगची अंत्ययात्रा आहे,’ ग्लेंडा म्हणाली. ‘मुलगा आला दुबईहून.’

‘उत्तम,’ तो म्हणाला, आणि बोलल्यावर त्याला स्वतःलाच ते कसंतरी वाटलं असावं, कारण त्यानं हेल्मेटची काच खाली केली. ‘म्हणजे, तिथून थेट या. मागच्यासारखं. तुम्ही नाही केलं तर मला दुसरी मुलगी बघावी लागेल. लाइव्हचं पान एजन्सीच्या नावावर आहे, तुम्हाला माहीत आहे.’

पासिंगची थोरली बहीण त्या संध्याकाळी कुंपणापलीकडून ग्लेंडाशी बोलली. हिला क्लिप कोणीतरी दाखवली होती. ती रागावलेली नव्हती.

‘एर्निंगकडेच जाणार ती, आणखी कुठे जाईल? रोज दुपारी तिथेच असायची. जिथून आणलीस तिथे सोडून ये तिला. त्यालाही घेऊन ये. ज्याच्याशी बसली आहे त्यानं निरोप दिल्याशिवाय उठायची नाही.’

‘तातयना माहीतच नाही ती गेली ते.’

‘मग सांग.’

‘सांगितलं आणि काही झालं तर?’

म्हातारी आत जायला वळली. म्हणाली, ‘सकाळी लवकर निघणार आहोत, ऊन व्हायच्या आत.’

ग्लेंडाची ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. न सांगावं तर तातय उपाशी, दिवसागणिक भिंतीच्या आणखी जवळ. सांगावं तर तो एक क्षण, डोळे पांढरे होण्याचा, जो तिनं मागच्या झटक्याच्या वेळी एकदा बघितला होता. जहाजावर डेल्फिनला निरोप टाकला. त्याचं उत्तर यायला कधी दोन दिवस लागतात. उजाडल्यावर तिनं तातयना नवा शर्ट घातला, बटणं लावली, आणि बटणांकडेच बघत सांगितलं. ‘तातय, पासिंग बाकोलोडला नाही गेली.’

‘ठाऊक आहे.’

तिचा हात बटणावर थांबला. ‘कोणी सांगितलं?’

‘तूच.’

‘मी कधी?’

‘त्या दुपारी. सौदीला सांगितलंस, मनिलाला सांगितलंस, सगळ्यांना नावं घेऊन घेऊन सांगितलंस. आवाज तर तुझा असा गोड. मी इथे पडद्याआड होतो.’ त्यांचं अर्धं तोंड हलत होतं, अर्धं नाही. ‘मला सांगायला तुला दिवस सापडत नव्हता, आणि गाऊन विकायला सापडला.’

ग्लेंडा खाटेवर बसली. तिला वाटलं होतं त्यातलं काही झालं नाही. तातयचे डोळे जागेवर होते, आणि ते तिच्याकडेच लागलेले होते. हे तिला अधिक कठीण गेलं.

‘म्हणून जेवत नव्हतात?’

‘जेवणच जात नव्हतं.’

‘आणि तिला आत ये म्हणालात ते?’

‘मग काय म्हणू? शेजारीण आहे. दारात उभी राहिली तर माणूस बस म्हणतो.’

‘म्हणजे ती होती?’

तातयनी खिडकीकडे बघितलं. ‘निघू या आता. ऊन होईल.’

नोएमी आणि मानोंग रोदेल या दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून तीनचाकीत बसवलं. रोदेल फाटकाच्या आत आला तो त्या दिवशी, आणि येताना त्यानं डोळे जमिनीवर ठेवले होते. तीनचाकीवाला नेमका तोच निघाला, पगाराच्या दिवशीचा.

दफनभूमीत तातयना पेटीशी नेलं. त्यांनी चांगल्या हातानं काचेवर टकटक केली, दारावर करतात तशी. काहीतरी पुटपुटले, ग्लेंडा मागेच होती, पण तिनं ऐकायचं टाळलं. पासिंगच्या मुलानं तिला नमस्कार केला. क्लिप बहुधा त्यानं बघितली होती. परत आलेल्या गाऊनांचं गाठोडं ग्लेंडानं बरोबर आणलं होतं. ते कुठे ठेवायचं हे कोणाला कळेना, तेव्हा थोरल्या बहिणीनं दफनभूमीच्या दारात धूप घातला, गाठोडं त्यावरून फिरवलं आणि मंडपात वाढायला आलेल्या बायकांत गाऊन वाटून टाकले. त्यांनी घेतले. त्या पासिंगला ओळखत होत्या.

बाराच्या सुमाराला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मग तो वाजायचा थांबला आणि एक खूण आली की पानावर लाइव्ह सुरू झालं आहे. ग्लेंडानं बघितलं. जेरिकला दुसरी मुलगी मिळाली होती. तिच्यामागे दांडी होती, दांडीवर गाऊन, आणि गाऊनांच्या मधोमध पांढऱ्या केसांचा टोप घातलेलं कोणीतरी. खाली ‘माइन’ची रांग लागली होती. मुलगी स्वतःला ग्लेंडाची मानलेली बहीण म्हणवत होती. ग्लेंडानं फोन बंद करून पिशवीत टाकला. तिचं काम गेलं होतं. ते तिला त्या क्षणी लांबच्या कोणाचं तरी गेल्यासारखं वाटलं.

‘कुठे थांबू?’ तीनचाकीवाल्यानं विचारलं.

‘तातय, तुम्ही सांगा.’

‘बाचोय,’ तातय म्हणाले.

बाजाराच्या मागे बाचोयचं, म्हणजे शेवयांच्या रश्श्याचं, जुनं दुकान आहे, लाकडी बाकं, मोठ्या पातेल्यात सतत उकळणारं हाडांचं पाणी. तातयना भिंतीशी बसवलं. मालकिणीनं त्यांच्या शर्टावरची दुखवट्याची काळी पट्टी बघितली आणि न विचारता समजून घेतलं. तिच्या दुकानात दफनावरून परतणारी माणसं येतात; तिनं बाजूच्या टेबलावरच्या गिऱ्हाइकाला जरा सरकायला सांगितलं आणि सरकणाऱ्यानं वाडगा उचलून थेट दुसऱ्या टोकाचं बाक गाठलं. वाडगे आले, ग्लेंडाला कॉफी आली. ग्लेंडानं शेवया लहान तोडून चमचा पुढे केला. तातयनी तोंड उघडलं. मग पुन्हा उघडलं. तिनं चमचे मोजायचे नाहीत असं ठरवलं होतं. अर्धा वाडगा झाल्यावर त्यांनी मान बाजूला केली.

‘मिरी कमी आहे,’ ते म्हणाले.

‘आणू?’

‘नको.’ जरा वेळानं म्हणाले, ‘तिला मिरी चालायची नाही.’

त्यांनी डोकं भिंतीला टेकवलं आणि झोपले. ग्लेंडा समोर बसून राहिली. किती वेळ बसायचं असतं हे कुठे ठरलेलं नाही. माणूस कॉफी संपवतो आणि उठतो. तिची कॉफी संपली होती. पण आज कमी पडलं तर? बाक रिकामं होतं, तिच्या शेजारचंही, आणि दुकानातलं कोणी तिथे बसायला येत नव्हतं. तातयची छाती शर्टाआड हलते आहे की पंख्यानं शर्ट हलतो आहे ते तिला कळेना. तिनं हात पुढे नेला, त्यांच्या नाकाशी धरला, आणि थोडी ऊब बोटांना लागेपर्यंत तिनं आपलाही श्वास धरून ठेवला.

तीनचाकीवाला दारातून डोकावला. ‘निघायचं का, मानांग?’

‘थांब अजून,’ ग्लेंडा म्हणाली, आणि मालकिणीला आणखी एक कॉफी सांगितली.